उरलेली एक डिग्री

फळ्यावर नाव लागलं सोमवारी. आमच्या गावच्या डेअरीच्या दारात एक काळा फळा हाय. ज्याचं दूध पातळ निघतंय त्याचं नाव खडूनं वर लिवत्यात, म्होरं आकडा घालत्यात, आन मग दीसभर येणारा-जाणारा ते वाचत बसतोय. त्यात आमचं नाव. केरबा चौगुले, सव्वीस. मालकांचं, म्हंजे माझ्या नवऱ्याचं, नाव मी कधी तोंडानं घेत न्हाय, पर खडूनं चारचौघांत लिवल्यावर आता काय लपवायचं. चाळीस वरसं त्या माणसानं डेअरीला दूध घातलं आन एकदाबी मान खाली घालायची पाळी आली न्हाय.

मी तवा गोठ्यात शेण काढत हुतो. सून स्नेहल स्कूटी घेऊन आली, आन मला आवाजावरनंच कळलं. रिकामी किटली पायाजवळ खडखडत येती, भरलेली गुमान असती. त्या दिवशी खडखड न्हवती. तिनं किटली उतरून कट्ट्यावर ठेवली आन हात धुवायला गेली, ती लई येळ हातच धूत बसली. डेअरीत काय झालं ते तिनं सांगितलं न्हाय. ते मला शेजारच्या मळ्यातल्या धोंडुबाईनं सांगितलं, आन लई चवीनं सांगितलं. दूध मोजणारा राजवीर म्हणं समद्या रांगंत बोलला, वैनी, तुमच्या वाटंवर कालवा लागतोय न्हवं? आन रांग हसली.

डिग्री म्हंजे दूध घट का पातळ त्याचं माप. काचेची एक नळी असती, खाली जड गोळा, अंगावर आकडं. त्याला मीटर म्हणत्यात. दुधात सोडलं की ते तरंगतंय. दूध घट असलं की वर ऱ्हातंय, पाणी घातलं की खाली बुडतंय, आन दुधाच्या काठाला जो आकडा येईल ती डिग्री. डेअरीचा नियम अठ्ठावीसचा. त्याच्या खाली दूध परत. आमच्या चंद्री म्हशीचं दूध तीस लागायचं. उन्हाळा असू दे का पावसाळा, तीस म्हंजे तीस. राजवीर कधीकधी मीटर न सोडताच तीस लिवायचा.

आता काय झालतं ते सांगतो. मार्गशीर्षात मालक उसाच्या बांधावरनं घसरलं आन मांडीचं हाड मोडलं. कोल्हापुरात नेऊन आत सळी घातली. तवापास्नं ते खाटंवर. तोवर दूध तेच न्यायचं, सायकलला किटली अडकवून. ते पडल्यावर दूध न्यायचं काम सुनंकडं आलं. लेकाची, धैर्यशीलची, शिरोलीच्या फौंड्रीत पाळी, त्यो सकाळी सहाला घर सोडतोय. तर ही स्कूटीवरनं जायची, सात मिनिटांत डेअरी. आमी म्हटलं, बरं झालं, पोरगी कामाची निघाली.

त्याच आठवड्यात चंद्रीची रेडी आजारली. ढाळ लागली, दूध पिईना. मालक पडलं आन रेडी पडली, दोन्ही एकाच आठवड्यात. गावातली म्हातारी बयाबाई बघायला आली आन म्हणाली, निरसं दूध उघडं गावातनं नेतायसा, कुणाची तरी नजर लागली. निरसं म्हंजे न तापवलेलं, धारेचं. आमच्यात पहिल्यापास्नं रीतच हाय, निरसं दूध तसंच उंबऱ्याबाहेर जात न्हाय. त्यात पाण्याचा थेंब पडाय लागतोय. माझी सासू बोट बुडवून दोन थेंब शिंपडायची. मीबी तेच करायचो. पर त्या आठवड्यात माझं काळीज इतकं उडालतं, की दोन थेंबानं मला धीर येईना. दूध गाळून किटलीत वतलं की मी देवाफुडच्या तांब्यातलं ओंजळभर पाणी त्यात सोडाय लागलो. स्नेहल तवा स्कूटी काढायला गेलेली असायची. ह्याला कोण दुधात पाणी घालणं म्हणतंय का? मला तर तसं डोसक्यातबी आलं न्हाय. पाणी घालणारी माणसं येगळी असत्यात. ती तांब्यानं न्हाय, बादलीनं घालत्यात.

त्या सोमवारी सांजच्याला डेअरीचं चेअरमन अमरसिंह सोताच आलं. भला माणूस, पर नियमाचा कडक. मालकांच्या खाटंजवळ खुर्ची घेऊन बसलं आन म्हणालं, केरबादादा, दोन म्हयनं झालं, डिग्री उतरतच चालली. अठ्ठावीस झाली, सत्तावीस झाली, राजवीरनं तुमच्याकडं बघून दूध घेतलं. आता सव्वीस. म्या तरी काय करू? येत्या सोमवारी गोठा तपासणी लावतो. गोठा तपासणी म्हंजे कमिटीची माणसं आपल्या दारात येत्यात, त्यांच्या डोळ्यांम्होरं धार काढायची, तितंच मीटर लावायचं. गोठ्यातली डिग्री आन डेअरीत येणारी डिग्री सारखी लागली तर म्हशीचा दोष. गोठ्यात जास्त आन डेअरीत कमी लागली, तर पाणी वाटंत पडलं. मग वरीसभर दूध बंद, आन गावच्या सभेत नाव.

वाटंत म्हंजे कोण, ते त्यांनी सांगितलं न्हाय. सांगायला लागतंय कुठं. चहाचा कप घेऊन स्नेहल दारात उभी हुती.

अमरसिंह गेल्यावर धैर्यशील जेवला न्हाय. त्यानं स्कूटीची किल्ली मागून घेतली आन म्हणाला, तू आठ दीस गडहिंग्लजला जा. तितं तिचं माहेर. त्याचं म्हणणं, ही हितं नसली तर निदान लोकं तोंडावर तरी बोलणार न्हाईत. ती म्हणाली, "आता गेलो तर पाणी घातलं म्हणूनच पळाली म्हणतील. मला सोमवारपतोर हितंच ऱ्हाऊ द्या. दूध कशानं पातळ होतंय ते मी काढतो." धैर्यशील म्हणाला, आन न्हाय निघालं तर? ती म्हणाली, मग जातो. त्यानं किल्ली परत दिली, पर तिच्याकडं न बघता.

आन मी? खोटं कशाला बोलू, मलाबी तिचाच संशय आलता. घरात येऊन दहा म्हयनं झालेली पोरगी. किटलीतलं अर्धा लीटर वाटंत कुणाला देऊन पाणी भरती का काय, असं माझ्या मनात येऊन गेलं. मी तर धोंडुबाईला सांगितलंतं, कालव्याच्या पुलावर ध्यान ठेव, आमची थांबती का बघ. धोंडुबाई म्हणाली, न्हाय बाई, ती तर वाऱ्यासारखी जाती. तवा मला बरं वाटायच्या जागी वाईटच वाटलं, की मग दुसरं काय असंल.

स्नेहल लग्नाआधी दोन वरसं कॉलेजात फिजिक्स शिकत हुती. मला त्यातलं काय कळत न्हाय. मंगळवारी ती एस्टीनं कोल्हापूरला गेली आन मंगळवार पेठेतल्या एका दुकानातनं नवं मीटर आन ताप बघायची एक लांब काचेची कांडी घेऊन आली. एक वहीबी आणली. वहीवर रेघा मारल्या. तारीख, येळ, कुठं मोजलं, किती. आन त्याच वहीत पहिल्या पानावर तिनं लिवलं, मार्गशीर्षापास्नं काय काय बदललं.

मला धीर कुठला. मी म्हटलं, उद्यापास्नं सरकी वाढवू, हिरवा चारा कमी करू, गाभण न्हाय ना ते डॉक्टरला दावू, दाराला लिंबू-मिरची बांधू, आन दूध चार दीस धोंडुबाईच्या लेकाकडनं धाडू. समदं एकदम करू, कायतरी लागू पडंल. ती तोंडात पेन धरून ऐकत हुती. म्हणाली, "आत्ती, समदं एकदम बदललं आन डिग्री वाढली, तर कशानं वाढली ते कळायचं कसं? एका टायमाला एकच बदलायचं. बाकी समदं हाय तसं ठेवायचं." मी म्हटलं, आठवड्यात काय काय बदलणार तू? ती म्हणाली, म्हणून तर भ्या वाटतंय.

बुधवारी तिनं आधी मीटरच तपासलं. साध्या पाण्यात सोडलं, त्यात शून्य आलं पायजे म्हणाली, आलं. मग आपलं मीटर घेऊन डेअरीत गेली आन राजवीरला म्हणाली, दोन्ही मीटर एकाच दुधात लावा. राजवीर हसला, पर लावलं. दोन्हीकडं सव्वीस. तीनदा लावायला लावलं, तिन्ही बारीला सव्वीस. मागची माणसं वैतागली. एकजण म्हणाला, शाळा भरली म्हणायची. ती परत आली ती रडवेली हुऊन. तिला वाटलंतं डेअरीचं मीटर बिघडलं असंल. आता ती वाट बंद झाली.

सांजच्याला ती मालकांच्या खाटंजवळ बसली आन इचारत बसली, मामा, तुमी दूध कसं न्यायचासा, पहिल्यापास्नं सांगा. मालकांना काय, कुणी इचारलं की पाहिजेच. म्हणालं, सायकलवर किटली अडकवायची. कालव्यापतोर चालत जायचं, चढ हाय. पुलावर बसायचं, तंबाखू मळायची. मग स्टँडवर च्या. तितं गावगप्पा. मग डेअरी. स्नेहल म्हणाली, किती येळ जायचा? मालक म्हणालं, तासभर तर लागायचाच की. मी म्हटलं, बघा, चाळीस वरसं मला सांगत हुते डेअरीत गर्दी हुती म्हणून. मालक हसलं. हाड मोडल्यापास्नं पहिल्यांदा हसलं. पर स्नेहल हसली न्हाय. ती किटलीकडं बघत बसली.

बेस्तरवारी तिनं किटलीतलं एकाच धारेचं दूध दोन भांड्यांत घेतलं. एकात लगीच मीटर सोडलं. सव्वीस. दुसरं भांडं हौदाच्या गार पाण्यात ठेवलं आन कांडी घालून बसली. तासाभरानं त्यात मीटर सोडलं तर एकोणतीस. मला वाटलं चुकून बघितलं. तिनं माझ्या हातात मीटर दिलं, तुमीच सोडा आत्ती. मी सोडलं. एकोणतीस.

तिनं सांगितलं ते असं, की धारेचं दूध अंगाएवढं ऊन असतंय, आन ऊन वस्तू फुगती. फुगली की पातळ. म्हणून मीटर खाली जातंय. वर फेस असतोय, त्यात हवा असती, त्यानंबी थोडं खाली जातंय. मीटर बनवताना ते ठरलेल्या गारव्याला बनवलेलं असतंय. मामांचं दूध तासाभरात गार व्हायचं, माझं सात मिनिटांत पोचतंय, आन थंडी सरत गेली तसं जास्तच ऊन पोचाय लागलं, म्हणून डिग्री उतरत गेली. मी म्हटलं, म्हंजे दूध उतू जातंय तसं फुगतंय? ती म्हणाली, ते येगळं, पर चालंल, तसंच धरा. मग मालकांना सांगितलं, मामा, तुमची तंबाखूच डिग्री वाढवत हुती. ते इतकं खूश झालं की दोनदा परत सांगायला लावलं.

शुक्रवारी तिनं किटली तासभर हौदात ठेवून मग नेली. राजवीरनं मीटर सोडलं, एकोणतीस. नियमात बसलं, दूध घेतलं. रिकामी किटली खडखडत आली आन मला रडूच आलं. मी शिरा केला. धैर्यशील पाळीवरनं आला तर त्यानं तिच्या ताटात सोताच्या हातानं तूप वाढलं. समदं मिटलं म्हणायचं. गोठा तपासणी नियमाप्रमाणं व्हायची ती हुणारच हुती, अमरसिंहानं तसा निरोप धाडलाता, पर आता कशाचं भ्या.

जेवणं झाली. मी उद्याच्या भाकरीचं पीठ चाळत हुतो. स्नेहल वही घेऊन चुलीजवळ येऊन बसली. म्हणाली, एक डिग्री उरती.

मी म्हटलं, कसली?

ती म्हणाली, आधी तीस लागत हुतं. आता सव्वीस. म्हंजे चार गेली. त्यातली तीन उनीनं गेली, ती मी तीन बारी मोजून बघितली. गार केल्यावर तीस यायला पायजे. एकोणतीस येतंय. एक कुठं गेली? धैर्यशील मालकांच्या खाटंजवळनं म्हणाला, अगं, घेतलं न्हवं त्यांनी दूध? एका डिग्रीसाठी कशाला जीव काढतीस? ती म्हणाली, सोमवारी हितं ते बिनवाटेचं दूध मोजणार. ते जर तीस भरलं, आन माझं एकोणतीस, तर ती एक डिग्री वाटंतच गेली म्हणणार. आन त्यांचं चुकंल कुठं?

मग तिनं वहीचं पहिलं पान उघडलं आन एकेक वाचलं. मामा पडले. दूध मी न्यायला लागलो. सायकल जाऊन स्कूटी आली. चारा तोच. म्हस तीच. धार काढणारं माणूस तेच. किटली तीच. वाचून झाल्यावर माझ्याकडं बघितलं. "आत्ती, मार्गशीर्षापास्नं आणि काय बदललं? नीट आठवा."

चाळण माझ्या हातातच ऱ्हायली. तवा मला कळलं. त्या घडीपतोर मला खरंच कळलं न्हवतं. देवाफुडचा तांब्या, माझी ओंजळ, आन ही पोरगी चार दीस जी हुडकती ती एक डिग्री.  सांगायला किती येळ लागला असता? चार शबुद. पर धैर्यशील बसलाता, मालक ऐकत हुतं, आन ज्या सुनंवर मी धोंडुबाईची नजर ठेवलीती तिच्या म्होरं मी काय सांगू, की पाणी मीच घालतो? मी म्हटलं, न्हाय बा, दुसरं काय न्हाय बदललं. ती म्हणाली, बरं.

शनिवारी मी पाणी घातलं न्हाय. म्हटलं, गुपचूप सोडून द्यावं, आपसूक तीस येईल, सोमवारीबी तीस येईल, कुणाला काय कळायचं न्हाय. स्नेहल डेअरीतनं आली ती स्कूटी धड न लावताच आत पळत आली. आज तीस लागलं म्हणाली. मी म्हटलं, बघ, झालं की. पर तिचं तोंड उजळायच्या जागी आणि उतरलं. म्हणाली, आज मी काय बदललं न्हाय आत्ती. मग वाढलं कशानं? मी म्हटलं, थंडी असंल. तिनं वही दावली. कांडीचा आकडा शुक्रवारचाच. 

आन त्याच दिवशी दुपारी रेडीला परत ढाळ लागली. तिसऱ्या पहारापतोर ती मान टाकून पडली. डॉक्टरनं येऊन सुई टोचली आन म्हणाला, जंत हायत, औषध चुकवू नका. पर माझं मन कुठलं ऐकतंय. आज पाणी घातलं न्हाय आन आजच हे झालं. रातभर माझा डोळ्याला डोळा लागला न्हाय. रविवारी पहाटं धार काढली, दूध गाळलं, आन माझा हात आपोआप तांब्याकडं गेला. मी म्हटलं, आजचा एक दीस. रेडी उठू दे. ओंजळ किटलीत सोडली.

डेअरीत एकोणतीस लागलं. आन अमरसिंहाच्या सांगण्यावरनं राजवीरनं त्यातली एक बाटली भरून, चिठ्ठी लावून, फ्रिजात ठेवली. उद्याच्या गोठ्यातल्या दुधाशी मिळवायला.

रविवारची दुपार मी कशी काढली ते माझं मला म्हाईत. स्नेहल वही म्होरं घेऊन बसली हुती. एकोणतीस, तीस, एकोणतीस. धैर्यशील म्हणाला, शनिवारचं तीस खोडून टाक, चुकून मोजलं असशील, मग समदं एकसारखं दिसतंय. ती म्हणाली, जे दिसलं ते लिवलंय. पटत न्हाय म्हणून खोडायचं असतंय व्हय? आन मग ती उठून आत गेली. मी पाठोपाठ गेलो तर ट्रंकेवर पिशवी ठेवून दोन लुगडी घडी करत हुती. गडहिंग्लजची पिशवी. मला बघितलं आन म्हणाली, उद्या उशीर व्हायला नको म्हणून भरून ठेवतो. मी दारातनंच मागं फिरलो. तवा सांगायला पायजे हुतं. तवाबी न्हाय सांगितलं. मला वाटत हुतं, सकाळपतोर कायतरी सुचंल.

सोमवारी सातलाच माणसं आली. अमरसिंह, राजवीर, कमिटीचं आणि दोघं. धोंडुबाई पाण्याच्या निमतानं कळशी घेऊन आली आन तितंच थांबली. मालकांना खाटंसकट दारात आणलं. धैर्यशीलनं पाळी बुडवली.

मी चंद्रीखाली बसलो. पन्नास वरसं धार काढतोय, पर त्या दिवशी सड हातातनं निसटत हुतं. चंद्रीनंबी पाय उचलला. राजवीर म्हणाला, मावशी, सावकाश. चार माणसं उभी हुती आन समद्यांचं डोळं माझ्या हातावर. आता पाणी घालू का? घातलं तर बघत्यात. न घातलं तर तीस लागतंय, आन बाटलीतलं एकोणतीस, आन त्या दोन्हींच्या मधी फकस्त माझी सून हाय. बादली भरूस्तवर हाच इचार डोसक्यात फिरत ऱ्हायला.

राजवीर बादलीतच मीटर सोडाय लागला तर स्नेहलनं हात आडवा केला. म्हणाली, न्हाय. बाटलीतलं दूध गार हाय, हे ऊन. दोन्ही एकाच गारव्याला आणून मोजा, न्हायतर मिळवण्यात अर्थ न्हाय. मला वाटलं, अगं वेडे, ऊनच मोजू दे, सत्तावीस लागंल, तुझीच सुटका हाय. पर तिला ते म्हाईत हुतंच. तिनं हौदाच्या पाण्यात दोन भांडी ठेवली, कांडी घातली, आन आमी समदी पाऊण तास बसून ऱ्हायलो.  रेडी तेवढी दाव्याला उठून उभी ऱ्हायली आन रेकली.

मग राजवीरनं मीटर सोडलं. गोठ्यातलं, तीस. बाटलीतलं, एकोणतीस. परत सोडलं. तीस आन एकोणतीस.

अमरसिंहानं टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणालं, पोरी, ऊन दुधाचं तू खरं काढलंस. आमास्नीबी शिकवलंस. पर ही एक डिग्री काय हाय? तूच सांग. स्नेहलचं तोंड पांढरं पडलंतं. तिनं वही उघडली, मिटली. "तीन डिग्री उनीची हाय, ती मी दावली. ही एक कुठं गेली ते मला सापडलं न्हाय. मी पाणी घातलं न्हाय, पर ते मला शाबीत करता येत न्हाय. म्हाईत न्हाय ते मी म्हाईत हाय म्हणणार न्हाय." कमिटीतला एकजण हळूच म्हणाला, म्हंजे कबूलच झालं. धैर्यशीलनं मान खाली घातली. ती त्याच्याकडं बघत हुती आन त्यानं मान वर केली न्हाय.

मला ते बघवलं न्हाय. मी उठलो. घरात जाऊन देवाफुडचा तांब्या आणला. बादलीतलं दूध गाळून किटलीत वतलं, जसं रोज वततो तसं. मग ओंजळ भरली आन त्यात सोडली. अमरसिंह म्हणालं, मावशी, हे काय करतायसा? मी म्हटलं, रोज करतो त्येच. आता लावा मीटर.

राजवीरनं किटलीतलं भांड्यात घेतलं, स्नेहलनंच ते गार करून दिलं. मीटर सोडलं. एकोणतीस.

मी समदं सांगितलं. बयाबाई, रेडी, मालकांचं हाड, रीत, समदं. सांगताना माझं मलाच ते येड्यासारखं वाटाय लागलं. अमरसिंहानं टोपी परत डोसक्यावर ठेवली. मग म्हणालं, रीत असू दे, पर दुधात पाणी पडलं ते पडलं. दूध बंद करत न्हाय, अठ्ठावीसच्या वर हाय. पर फळ्यावर नाव म्हयनाभर ऱ्हाईल. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, पर मालकांचं पुसा. माझं लिवा. राजवीरनं इचारलं, काय लिवू? मी म्हटलं, तानाबाई चौगुले, एक डिग्री.

माणसं गेली. धोंडुबाई गेली, आता गावात सांगायला तिला पंधरा दीस पुरतंय. मालकांनी भिताकडं तोंड करून घेतलं. स्नेहल कट्ट्यावर बसली हुती, मीटर पदरानं पुसत. मी जवळ गेलो. मला वाटलं, पाया पडंल न्हायतर गळ्यात पडंल, सुटली की पोरगी. ती म्हणाली,

"आत्ती, शुक्रवारी मी तुमास्नी इचारलंतं."

"व्हय."

"तवा तुमाला म्हाईत हुतं?"

मी म्हटलं, व्हय. दुसरं काय म्हणणार. तिनं मान हलवली आन वहीत ते लिवलं. काय लिवलं ते म्हाईत न्हाय, मला आकडं तेवढं वाचता येत्यात.

पिशवीतली लुगडी तिनं परत ट्रंकेत ठेवली. धैर्यशीलनं चार दीस तिच्या मागं-मागं केलं आन ते दोघं बोलाय लागली. रेडी औषधानं बरी झाली, आता दावं तोडती. किटली रोज हौदात गार हुती, डेअरीत तीस लागतंय, आन राजवीर आता दुसऱ्यांचंबी दूध गार झाल्याबिगर मोजत न्हाय.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी मी धार काढून उठलो तर स्नेहल मीटर घेऊन गोठ्याच्या दारात उभी. तिनं बादलीतलं मोजलं. मी गाळून किटलीत वतलं. तिनं किटलीतलं मोजलं. दोन्ही सारखं. वहीत लिवलं आन स्कूटी काढायला गेली. मला वाटलं, राग हाय, चार दीस मोजंल आन सोडंल. त्याला आता पाडवा होऊन गेला. ती माझ्याशी बोलती, हसती, माझ्या हातची भाकरी खाती, माझं डोसकं दुखलं तर तेल घालती. पर धार झाली की मीटर घेऊन येती. आधी बादली, मग किटली. मी भांडं म्होरं करतो आन तिचा आकडा बघून होईस्तवर गप थांबतो.